‘पास’, ‘रिजेक्ट’ आणि कर्ण

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मागच्या वर्षी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालो. सगळी नोकरी छापील कागद तपासण्यात गेली. रेघ तुटली, शाई पसरली, आकडा हलला की तो कागद बाजूला. आता घरी बसून करायचं काय, म्हणून वाचायला लागलो. आमच्या सोसायटीत ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी येते, तिच्यातून पुस्तकं घेतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण एकाच्या गच्चीवर जमतो आणि कोणी काय वाचलं ते सांगतो. मी वही ठेवली आहे. प्रत्येक पुस्तकापुढे ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’. जुनी सवय.

गेल्या चार महिन्यांतलं सांगतो. इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या माणसांवरचं ‘युगान्त’: पास. ते वाचून शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी ‘मृत्युंजय’ पुन्हा काढली. विसाव्या वर्षी वाचताना रडलो होतो. आता रिजेक्ट, सगळं मनचं लिहिलंय. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’: पास, पण का ते सांगता येत नाही. रोजचं घरातलंच सांगते बाई, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. श्रीमंत कसं व्हावं यावरचं एक भाषांतर: रिजेक्ट, चहा निवायच्या आत सांगून होईल त्याला दोनशे पानं घेतली आहेत. माणसाच्या इतिहासावरचं एक जाडजूड भाषांतर: निम्म्यात अडकलोय. बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’: दोन रात्री नीट झोप नाही. पुढे काही लिहिलेलं नाही.

गेल्या बैठकीत मी म्हणालो, “मृत्युंजय ही शुद्ध फसवणूक आहे.” आमच्यातल्या एक काकू काही न बोलता उठून खाली गेल्या. नंतर कळलं, त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा त्यांना हेच पुस्तक त्या रोज वाचून दाखवायच्या. त्यानंतरच्या बैठकीचा मला निरोपच आला नाही. मिसेस म्हणते, आवडलं नाही तर मुकाट्याने परत करावं, भाषण कशाला? माझं चुकलं का? आणि कादंबऱ्या सोडून आता फक्त खरी पुस्तकंच वाचू का?

एक निवृत्त तपासनीस, नाशिकरोड


उत्तर

तपासनीस साहेब,

नाव छापू नका म्हणालात म्हणून ही हाक.

विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. मत चुकलेलं नाही, ‘फसवणूक’ हा शब्द चुकला. आणि तो का चुकला ते तुमच्याच वहीत आहे, त्या कोऱ्या सोडलेल्या ओळीत. तिच्याकडे येते.

त्याआधी तुमच्या वहीबद्दल. मला ती आवडली. पुस्तकांच्या गप्पांना मी बरीच वर्षं जातेय. तिथे दहातले आठ जण “छान आहे, वाचनीय आहे” एवढं म्हणून चिवड्याची बशी पुढे सरकवतात. तुम्ही निदान बाजू घेता. फक्त तुमची बाजू घेण्याची तऱ्हा मला एका निळ्या बॉलपेनची आठवण करून देते. वाचनालयातून आणलेल्या एका पर्यटनाच्या पुस्तकात लेखकाने ठोकून दिलं होतं की आपल्या नाशकात दर सहा वर्षांनी कुंभमेळा भरतो. शेजारी समासात कोणीतरी निळ्या बॉलपेनने, पानाच्या मागे उमटेल इतकं दाबून, लिहिलं होतं: “बारा!!” आणि त्याच्या खाली दुसऱ्या कोणाच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने: “कळलं हो.”

निळं बॉलपेन बरोबरच होतं. सिंहस्थ बारा वर्षांनीच येतो, आणि माहितीच्या पुस्तकात अशी चूक दिसली की माझाही हात शिवशिवतो. पण तेच बॉलपेन घेऊन तुम्ही कर्णाच्या मागे लागलात, तिथे थांबू या.

तुमची हरकत मी ओळखते, कारण ‘युगान्त’ वाचल्यावर मलाही तसंच झालं होतं. लहानपणापासून आपण ऐकत आलो की स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलायला पुढे झाला आणि द्रौपदी भर सभेत म्हणाली, सूतपुत्राला मी वरणार नाही. कर्णाच्या बाजूने लिहिलेल्या कितीतरी कथा-नाटकांचा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. आणि मग कळतं की पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहून महाभारताची जी संशोधित आवृत्ती काढली, तिच्यात ते वाक्य मूळ संहितेत ठेवलेलंच नाही. काही पोथ्यांत होतं, जुन्या आणि भरवशाच्या पोथ्यांत नव्हतं, म्हणून ते खाली टिपांत गेलं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदीने मारलेला “आंधळ्याचा पोर आंधळा” हा टोमणा, ज्याच्यावर आपली निम्मी कीर्तनं चालतात, तोही तिथे नाही. इरावतीबाईंनी हीच संशोधित आवृत्ती समोर ठेवून लिहिलं. मग तुमच्यासारख्या, आकडा हलला तरी डोळ्याला टोचणाऱ्या माणसाला ‘मृत्युंजय’ खटकलं तर नवल नाही.

पण त्यात एक गंमत आहे. स्वयंवराचं ते वाक्य सावंतांनी घरी बसून बनवलेलं नाही. ते लोकांच्या पोथ्यांत होतं, कथेकऱ्यांच्या तोंडी होतं, शतकानुशतकं होतं. दुसरी गोष्ट तुम्ही पुस्तकांची पहिली पानं पाहिलीत तर दिसेल. दोन्ही पुस्तकं एकाच वर्षीची आहेत, १९६७. एकाचा लेखक पंचविशी नुकतीच ओलांडलेला, कोल्हापुरातल्या शाळेत शिकवणारा. दुसऱ्याच्या लेखिका साठी ओलांडलेल्या, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवलेल्या. तुम्ही विशीत एका तरुणाचं पुस्तक वाचलंत आणि साठीत साठीतल्या बाईंचं. दोन्ही वेळी जोडी जमली! आता साठीतले तुम्ही त्या तरुणाला टेबलाशी उभं करून विचारताय, पुरावा दाखव.

तो काय दाखवणार? त्याच्या पुस्तकात कर्ण ‘मी’ म्हणून बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, आणि शेवटी साक्षात कृष्णसुद्धा ‘मी’ म्हणून बोलतो. कृष्णाची जबानी कोणी टिपून घेतली होती असा दावा लेखकाने केलेला नाही. साहेब, तुमच्याच धंद्यातलं सांगते. खोटी नोट म्हणजे खऱ्या नोटेची बतावणी करून बाजारात शिरणारी नोट. मुलांच्या व्यापाराच्या खेळात ज्या गुलाबी-हिरव्या नोटा असतात, त्यांना आपण खोट्या म्हणत नाही. त्या खेळातल्या नोटा. प्रेसमध्ये त्या तुम्ही रिजेक्ट केल्या नसत्या, कारण त्या तुमच्या टेबलावर आल्याच नसत्या. आणि तरी त्या नोटांवरून सुट्टीत भावंडांची डोकी फुटायची वेळ येते, ते भांडण मात्र अगदी खरं.

घोटाळा होतो तो आपल्याकडून, म्हणजे वाचणाऱ्यांकडून. खेळातली नोट घेऊन आपण किराणा दुकानात जातो. हा मराठी माणसाचा जुना रोग आहे आणि मी त्यातून उठलेली आहे. एका लग्नाच्या पंगतीत मी थोरल्या माधवरावांच्या तोंडचं एक बाणेदार वाक्य मोठ्या आवाजात सांगितलं, अगदी जिलेबी हातात धरून. समोर एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड आहेत. यातल्या कुठल्या खंडात हे?” मी वाक्य वाचलं होतं कादंबरीत. जिलेबी तशीच हातात राहिली. त्या दिवसापासून मी दोन कप्पे केले, आणि गंमत म्हणजे दोन्ही कप्प्यांतली गोडी वाढली. त्याच माधवरावांच्या आई गोपिकाबाई उतारवयात आपल्या गंगापुरात येऊन राहिल्या होत्या. इथून त्यांनी नातवाला, सवाई माधवरावाला, पत्र लिहिलं होतं: दिवसभर कसं वागावं, काय करावं, काय टाळावं. आजी नातवाला लिहिते तसं, फक्त हा नातू पेशवा. ते पत्र वाचल्यावर मला कादंबरीतल्या गोपिकाबाई जास्त आवडायला लागल्या, कमी नाही. पत्रात त्यांचा धाक दिसतो. तो धाक असलेली बाई रात्री एकटी बसून काय म्हणत असेल, ते पत्रात नसतं. ते ज्याने त्याने रचायचं.

आता ती कोरी ओळ.

बागुलांचा तो संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परमुलखात भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि मग ते उघडं पडतं. तुम्ही लिहिलंय की विहितगावातून शेकडो वेळा गेलोय पण बागूल तिथले हे माहीत नव्हतं. (ही ओळ जागेअभावी पत्रातून कापावी लागली, माफ करा.) आता मला सांगा, ही कथासुद्धा रचलेलीच आहे ना? तिलाही टीप नाही, पुरावा नाही, खंड-पान नाही. मग तिथे ‘मनचं’ असं का नाही लिहिलंत? तुमची पेन्सिल का थांबली?

माझा अंदाज सांगते, चुकला तर कळवा. कथा रचलेली असणं ही तुमची तक्रारच नाही. बागुलांनी रचलेलं तुम्हाला आत्ता, एकसष्टाव्या वर्षी, जाऊन भिडलं. सावंतांनी रचलेलं विसाव्या वर्षी भिडलं होतं आणि आता भिडत नाही. दुखतंय ते हे. त्या पोराचं रडणं वाया गेलं असं तुम्हाला वाटतंय, आणि त्याचा राग तुम्ही पुस्तकावर काढलात. गच्चीवर जर तुम्ही एवढंच म्हणाला असतात, “विशीत मी हे वाचून रडलो होतो, आता तसं होत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतंय,” तर काकू उठून गेल्या नसत्या. कदाचित म्हणाल्या असत्या, “मला अजून रडू येतं हो.” आणि मग पुस्तकावर खरी चर्चा झाली असती.

‘मृत्युंजय’ माझंही आता पूर्वीसारखं वाचून होत नाही, हे कबूल करते. भाषा फार दागिने घालून येते. प्रत्येक सूर्योदयाला तिला नमस्कार करावासा वाटतो. हे मी कोणालाही सांगेन. पण हे भाषेबद्दलचं माझं म्हणणं आहे, पान उघडून दाखवता येईल असं. ‘फसवणूक’ म्हटलं की त्यात लेखक चोर ठरतो आणि आवडीने वाचणारा मूर्ख ठरतो. काकूंना तुमच्या मतातलं पुस्तक ऐकूच आलं नाही. औषधाच्या वेळा सांभाळून दोन वर्षं जे केलं, ते एका वाक्यात खुळचट ठरलं, एवढंच ऐकू आलं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, खरं आहे. कोणाच्या घरात कुठलं पुस्तक कशासाठी वाचलं गेलंय ते आपल्याला कधीच ठाऊक नसतं.

तुम्ही ‘पास’ केलेल्या ‘युगान्त’कडे जरा परत या. त्यातलं गांधारीचं प्रकरण पुन्हा उघडा. सगळं ‘खरं’ म्हणून तुम्ही शिक्का मारलात, पण ते प्रकरण चालतं गोष्टीसारखं. वनातली म्हातारी जोडी, त्यांचं बोलणं, डोळ्यांवरची ती पट्टी. यातलं बरंच व्यासांनी लिहिलेलं नाही, इरावतीबाईंनी रचलेलं आहे. तुमच्या डोळ्यांतून हे सुटलं याचं मला मनापासून हसू आलं, आणि बरंही वाटलं. सुटलं कारण ते चांगलं आहे. म्हणजे ‘फक्त खरी पुस्तकंच वाचू का’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन बसलाय. ज्या पुस्तकाला तुम्ही सगळ्यांत खरं म्हणालात, त्यातली सगळ्यांत जिवंत पानं कल्पनेची आहेत.

‘स्मृतिचित्रे’ का आवडलं ते सांगता येत नाही म्हणता. मी प्रयत्न करते, कारण या पुस्तकाबद्दल बोलायला मला निमित्त लागतच नाही. लक्ष्मीबाई आपल्या गावच्या. जलालपूर, गंगापूरजवळचं गोदाकाठचं गाव, तिथला त्यांचा जन्म, १८६८ चा. पुस्तक आलं १९३४ ते १९३६ या काळात, भागाभागाने. म्हणजे लिहिणारी बाई साठी ओलांडलेली, तुमच्याहून थोडी मोठीच. शाळा नाही, नवऱ्याने शिकवलं तेवढं शिक्षण. वडील सोवळ्याने पछाडलेले, बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येणं मुश्कील. नवरा कवी, मनस्वी, कधी न सांगता निघून जाणारा, १८९५ मध्ये तिला मागे ठेवून धर्म बदलणारा. यातल्या एकेका गोष्टीवर दुसऱ्या कोणी तीनशे पानं छाती पिटली असती. ही बाई हसते. दारात बसून शेजारणीला सांगावं तसं सांगते, आणि सांगता सांगता स्वतःचीच फजिती पुढे करते. तुम्ही लिहिलंत, रोजचं घरातलंच सांगते. अहो, पायाखालची जमीन दर दहा पानांनी सरकते! तिने आवाज चढवला नाही, म्हणून तुम्हाला ते रोजचं वाटलं. हीच तिची करामत.

आणि इथेही तुमचं बॉलपेन लंगडं पडतं. लक्ष्मीबाई सुरुवातीला जे सांगतात ते त्यांच्या जन्माच्या आधीचं आहे. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली, त्या धसक्याने घर कसं बदललं, वगैरे. हे त्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. शिवाय पुढचंही चाळीस-पन्नास वर्षांनी आठवून लिहिलेलं. एखादा शब्द, एखादा महिना हलला असेल. म्हणून काय रिजेक्ट करणार? आत्मचरित्राला मी एवढंच विचारते: यातलं पाहिलेलं कुठलं, ऐकलेलं कुठलं, आणि सांगणारा स्वतःला किती वाचवतोय? लक्ष्मीबाई स्वतःला अजिबात वाचवत नाहीत. एखाद्या रविवारी सकाळी मिसेसना गाडीवर मागे बसवून जलालपूरला जाऊन या. नदीच्या काठावर बसून पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. मग वहीत जे लिहाल ते मला पाठवा.

श्रीमंत होण्याच्या पुस्तकाबद्दल तुमच्याशी सहमत. त्यावर शाई घालवत नाही. फक्त पुढच्या वेळी असं पुस्तक हातात आलं की अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण वाचा. तेवढ्यात पुस्तक संपतं.

माणसाच्या इतिहासाचं ते जाडजूड प्रकरण थोडं वेगळं आहे. अडकलात ते नेमकं कशात? विषयात की मराठीत? तपासायला सोपी युक्ती आहे. जिथे अडकलात तो परिच्छेद मिसेसना वाचून दाखवा. त्यांनी “म्हणजे?” विचारलं आणि तुम्ही तुमच्या शब्दांत पटकन सांगू शकलात, तर दोष भाषांतराचा. तुम्हालाही सांगता आलं नाही तर विषय नवा आहे, सावकाश घ्या. इंग्रजी वाक्याला मराठी कपडे घालून उभं केलेली कितीतरी पुस्तकं बाजारात आहेत, ‘जे की’ आणि ‘ज्यामुळे की’ यांच्या काठ्यांवर चालणारी. अशा ठिकाणी वाचकाला वाटतं आपणच ढ. तसं मुळीच नसतं. आणि अशी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचायचा नवस कोणी केलेला नसतो. शेतीचं प्रकरण आधी वाचा, मग मागे या.

एक मात्र आवर्जून पाहा, मूळ पुस्तक कोणत्या वर्षी निघालं ते. मराठी आवृत्तीचं वर्ष नाही, मूळचं. पहिल्या पानांच्या मागे बारीक टायपात छापलेलं असतं, तुमच्या डोळ्यांना ते दिसायला भिंग लागणार नाही. या विषयात वर्षाने फार फरक पडतो. निअँडरथल माणसाच्या जनुकांचा आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि कळलं की आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा थोडा अंश अजून आहे. म्हणजे आपले पूर्वज आणि ते एकमेकांत मिसळले होते. त्याच्या आधी लिहिलेल्या पुस्तकात लेखकाने कदाचित छातीठोकपणे उलट सांगितलं असेल. तो खोटारडा नव्हता, त्याच्या हातात तेवढंच होतं. इथे तुमची तपासनिशी सोन्यासारखी उपयोगी आहे. “कशावरून?” हा प्रश्न माहितीच्या पुस्तकाला प्रत्येक पानावर विचारा, आणि उत्तर देत नसेल तर खुशाल रिजेक्ट करा, गच्चीवर ओरडून करा.

आता गच्चीचंच. मिसेसचा सल्ला मला पटत नाही. मुकाट्याने परत करायचं तर जमायचं कशाला, पेटी आहेच. पण निरोप आला नाही म्हणून रुसून बसणंही पटत नाही. सात-आठ जणांच्या गटात निरोप कोण देणार हे बहुतेक वेळा कोणाच्याच लक्षात नसतं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल. ते सोडा, दुसरा रविवार तुम्हाला ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे, जिना ठाऊक आहे.

त्याआधी काकूंकडे जा. फोनवर नको, आणि मोबाइलवर हात जोडलेलं चित्र तर अजिबात पाठवू नका. मताबद्दल माफी मागायची नाही, त्यांनाही ते खोटं वाटेल. ‘फसवणूक’ या शब्दाबद्दल मागा, एका वाक्यात, आणि लगेच विचारा: त्यांना कुठला भाग सगळ्यांत जास्त आवडायचा? ‘त्यांना’ म्हणजे यजमानांना. मग गप्प बसून ऐका. हे तुम्हाला जड जाईल, कारण बोलता बोलता त्या एखादा प्रसंग असा सांगतील जो महाभारतात नाही, आणि तुमचा हात खिशातल्या पेनाकडे जाईल. तो तिथेच राहू द्या. जमलं तर पुढच्या बैठकीत त्यांना तो भाग वाचायला सांगा आणि त्यानंतर तुम्ही ‘युगान्त’मधला कर्ण वाचा. एकाच वर्षी छापलेले दोन कर्ण. त्या दिवशी कोणी चिवड्याकडे बघणार नाही.

कोणाला पोथ्यांचं, टिपांचं कुतूहल वाटलं, तर नाशिकरोडहून शालिमारची बस आहे. टिळक पथावर आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० साली सुरू झालेलं. महाभारत मागितलं म्हणून तिथे कोणी चमकून बघणार नाही.

वहीत एक बदल करा. ‘पास-रिजेक्ट’चा रकाना ठेवायचा तर ठेवा, सवय सुटत नसते. पण त्याच्याआधी एक रकाना वाढवा: पान नंबर. जिथे थांबलात, हसलात, चिडलात, तो नंबर आणि पुढे चार शब्द. शिक्का त्यानंतर. सहा महिन्यांनी बघाल तेव्हा शिक्के तुम्हाला काहीच सांगणार नाहीत, पण “पान २१४, इथे उठून पाणी प्यायलो” हे वाचलं की सगळी दुपार परत येईल. आणि गच्चीवर बोलायला काय घ्यायचं हा प्रश्नही उरणार नाही. पान उघडा आणि सांगा इथे काय झालं.

बागुलांच्या पुढे कोणता पान नंबर घालायचा ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तो लिहा, आणि पुस्तक पेटीत परत ठेवा. तुमच्या पत्रावरची तारीख बघता ते दीड महिना तुमच्या उशाशी आहे, खाली कोणीतरी वाट बघत असेल.